साधी बीपीची गोळी आणि परदेशातला विमा

परदेशी निघालेल्या माणसाच्या घरी बॅगांचं वजन तीनतीनदा होतं, लोणच्याच्या बरण्यांना चिकटपट्टीचे वेढे बसतात, आणि विम्याचा फॉर्म मात्र अगदी शेवटी घाईघाईत भरला जातो. त्या फॉर्मवर एक प्रश्न हटकून असतो : तुम्हाला कोणता आजार आहे का, पूर्वी होता का, कोणती औषधं चालू आहेत? घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, ‘‘साधी बीपीची गोळी तर आहे. ती काय लिहायची?’’ आणि ‘नाही’च्या चौकटीत खूण होते.

गोळी साधी असते, हे खरंच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेला देशव्यापी मधुमेह अभ्यास जून २०२३ मध्ये ‘लॅन्सेट डायबिटीज अँड एंडोक्रिनॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातल्या अंदाजाप्रमाणे देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि उच्च रक्तदाबाचं प्रमाण ३५ टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे नोकरीसाठी जर्मनीला निघालेला चाळिशीतला अभियंता, दुबईला चाललेला सुतार, लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेली आई, यांच्यातल्या कितीतरी जणांच्या सामानात शुगरची, बीपीची किंवा थायरॉइडची गोळी असणारच. कुणाची अँजिओप्लास्टी झालेली असते, कुणाला लहानपणापासून दमा असतो, कुणी कर्करोगाच्या उपचारांतून बरं झालेलं असतं.

विम्याच्या भाषेत हे सगळे ‘आधीचे आजार’. पॉलिसी घेण्यापूर्वीपासून असलेला आजार, एवढाच त्याचा अर्थ. पण या आजाराचं परदेशात काय होणार, हे आजार किती गंभीर आहे यावर फारसं ठरत नाही. माणूस त्या देशात कोणत्या दाराने शिरतो, यावर ते ठरतं. सरकारी विम्यात शिरलेल्या मधुमेह्याला कुणी शुगरचा आकडाही विचारत नाही. तोच मधुमेही पाहुणा म्हणून गेला, तर त्याच्या पायाच्या जखमेचं बिलही नाकारलं जाऊ शकतं.

विमा कंपन्या आधीच्या आजाराला इतक्या का बिचकतात? विम्याचं गणित असं असतं, की निरोगी असताना पुष्कळ लोक पैसे भरतात आणि त्यातून थोड्या आजारी लोकांचा खर्च भागतो. तहान लागल्यावर विहीर खणायची सोय सगळ्यांना दिली, तर तहान लागण्याआधी कुणी पैसे भरणार नाही. म्हणून खासगी कंपनी तीन-चार उपाय करते. तो आजार पॉलिसीतून वगळते, काही महिने किंवा वर्षं थांबायला लावते, हप्ता वाढवते, नाहीतर सरळ नकार देते. याला दुसराही एक उपाय आहे, आणि तो जुना आहे : सगळ्यांनाच विम्यात यायला भाग पाडायचं. निरोगी माणसाला बाहेर राहायची मुभाच नसेल, तर आजारी माणसाला दारात अडवण्याचं कारण उरत नाही.

हा दुसरा मार्ग राष्ट्रीय पातळीवर आधी धरला तो जर्मनीने. बिस्मार्कच्या काळात, जून १८८३ मध्ये, कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. आज पुण्या-मुंबईहून जर्मनीत गेलेला नोकरदार त्याच व्यवस्थेच्या विस्तारलेल्या रूपात दाखल होतो. तिथल्या सार्वजनिक विम्याची वर्गणी पगारावर ठरते : मूळ १४.६ टक्के आणि वर प्रत्येक विमानिधीची थोडी जादा वर्गणी. यातला निम्मा वाटा मालक भरतो. नोकरी न करणारा जोडीदार आणि मुलं याच वर्गणीत येतात, त्यांच्यासाठी वेगळा पैसा लागत नाही. आणि आजाराबद्दल प्रश्न विचारला जात नाही.

समजा, हिंजवडीतून म्युनिकला निघालेल्या एखाद्या अभियंत्याच्या आठ वर्षांच्या मुलीला टाइप वन मधुमेह आहे. आईवडिलांचा जीव टांगणीला लागलेला असतो : तिथे इन्सुलिन मिळेल का, डॉक्टर घेतील का, विमा नाही म्हणाला तर? सार्वजनिक विम्यात शिरलं, तर या प्रश्नांची उत्तरं निर्धास्त करणारी आहेत. इन्सुलिन मिळतं, साखर मोजणारा सेन्सर मिळतो, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांच्या औषधांवर मोठ्यांना भरावी लागते ती पाच ते दहा युरोंची रक्कमही भरावी लागत नाही. मुंबईत किंवा पुण्यात हाच सगळा खर्च वर्षानुवर्षं खिशातून करणाऱ्या कुटुंबाला हे ऐकून हलकं वाटतं, आणि वाटायलाच हवं.

पण जर्मनीतही एक फाटा आहे, आणि तिथे चुकणारे पुष्कळ. पगार ठरावीक मर्यादेच्या वर गेला, की खासगी विमा घ्यायची परवानगी मिळते. २०२५ साली ही मर्यादा वर्षाला ७३,८०० युरो होती. चांगल्या पगारावर गेलेल्या तरुण अभियंत्याला एजंट गाठतो आणि सांगतो, की खासगी विमा स्वस्त पडेल, डॉक्टरची वेळ लवकर मिळेल, इस्पितळात स्वतंत्र खोली मिळेल. तिशीतल्या, एकट्या, धडधाकट माणसापुरतं ते खरंही असतं. पण खासगी कंपनी आरोग्याचे प्रश्न विचारते, आजार असला तर हप्त्यावर जादा आकारणी करते किंवा अर्ज फेटाळते. बायको-मुलांचा हप्ता माणशी वेगळा, आणि त्यांची आरोग्याची चौकशीही वेगळी. शिवाय परतीची वाट अवघड आहे. पगार मर्यादेखाली आला तर सार्वजनिक विम्यात परतता येतं, पण वयाची ५५ वर्षं ओलांडल्यावर ते दार जवळपास बंद होतं. घरात कुणालाही जुना आजार असेल, तर महिन्याला काही युरो वाचवण्यासाठी या फाट्यावर वळू नये.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही चूक आणखी लवकर होते. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सार्वजनिक विम्याचा सवलतीचा दर मिळतो. काही जण व्हिसासाठी स्वस्तातली ‘इनकमिंग’ पॉलिसी घेतात आणि तिच्याच जोरावर सार्वजनिक विम्यातून सूट मागतात. ही सूट त्या शिक्षणक्रमापुरती मागे घेता येत नाही. त्या स्वस्त पॉलिसीत आधीचे आजार वगळलेले असतात, हे दम्याचा पहिला झटका येऊन इस्पितळात गेल्यावर कळतं. नोकरी शोधण्यासाठी जून २०२४ पासून मिळू लागलेल्या ‘चान्सनकार्ट’वर जाणाऱ्यांचंही तसंच आहे. नोकरी लागेपर्यंत त्यांची भिस्त बहुधा अशाच पॉलिसीवर असते. त्या मधल्या महिन्यांत जुना आजार उघड्यावर असतो.

जपानही याच कुळातला. तीन महिन्यांहून अधिक राहणाऱ्या परदेशी माणसाला सार्वजनिक विम्यात यावंच लागतं, साधारणपणे खर्चाचा ३० टक्के वाटा स्वतः भरावा लागतो, आणि आधीचा आजार आड येत नाही.

ब्रिटनची तऱ्हा निराळी. तिथे विम्याऐवजी करातून चालणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा आहे, आणि बाहेरून येणाऱ्याने तिच्यासाठी व्हिसासोबतच अधिभार भरायचा असतो. २०१५ मध्ये तो सुरू झाला तेव्हा वर्षाला २०० पौंड होता. ६ फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्यांना १,०३५ आणि विद्यार्थी व अठरा वर्षांखालच्यांना ७७६ पौंड झाला. तोही व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकरकमी. नवरा-बायको आणि दोन लहान मुलं तीन वर्षांसाठी निघाली, तर १०,८६६ पौंड विमानात बसण्याआधीच द्यावे लागतात. रक्कम छातीत धडकी भरवणारी आहे. अनेक कंपन्या ती भरून देतात, म्हणून नोकरीचा करार करताना हे आधी विचारून घ्यावं. आरोग्यसेवेत काम करायला जाणाऱ्या परिचारिका आणि डॉक्टरांना त्यांच्या खास व्हिसावर हा अधिभार माफ असतो.

मात्र एकदा तो भरला, की आधीच्या आजाराचा प्रश्न मिटतो. हृदयरोगी असो की कर्करोगातून उठलेला, उपचार तिथल्या रहिवाशाप्रमाणेच मिळतात. इंग्लंडमध्ये एरवी औषधाच्या चिठ्ठीमागे शुल्क आहे, पण इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्या मधुमेह्याला सवलतीचं प्रमाणपत्र मिळतं आणि मग त्याला कुठल्याच औषधाचं शुल्क पडत नाही. तिथे जाऊन वर्षभर मेटफॉर्मिनचे पैसे भरणारे लोक आहेत, केवळ हे प्रमाणपत्र मागायचं असतं हे ठाऊक नसल्यामुळे.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांचे आईवडील सहा महिन्यांच्या व्हिसावर आले, की हिशोब पालटतो. पाहुण्यांना अधिभार नसतो, त्यामुळे हक्कही नसतो. तातडीच्या विभागातली तपासणी सगळ्यांना मोफत आहे, पण तिथून पुढे वॉर्डात दाखल केलं, की पाहुण्याला नेहमीच्या दराच्या दीडपट बिल लागतं. 

कोकणाचं आखाताशी नातं जुनं. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली, खेड या पट्ट्यात घरटी एखादा माणूस दुबई, कुवेत किंवा सौदीला असतो, आणि गोव्यातही तेच. हे बहुतेक लोक पन्नाशीपर्यंत राबतात, म्हणजे शुगर आणि बीपी तिथे असतानाच जडतात. अबू धाबीने २००६ पासून आणि दुबईने २०१३ च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने आरोग्य विमा सक्तीचा केला. कर्मचाऱ्याचा हप्ता मालकाने भरायचा, त्याच्या पगारातून कापायचा नाही. दुबईतल्या कमी पगाराच्या कामगारांसाठीच्या मूळ योजनेत वर्षाला दीड लाख दिरहमपर्यंत संरक्षण आहे. पण पहिल्यांदाच या विम्यात येणाऱ्याला जुन्या आजारासाठी सहा महिने थांबावं लागतं, त्यात तातडीचा प्रसंग तेवढा अपवाद. गावाहून निघताना सहा महिन्यांच्या गोळ्यांची तजवीज करायची ती याचसाठी. शारजा, अजमान, रास अल खैमा, फुजैरा आणि उम्म अल कुवैन या उरलेल्या अमिरातींत १ जानेवारी २०२५ पासून विमा सक्तीचा झाला. तिथल्या मूळ योजनेचा हप्ता वर्षाला ३२० दिरहम आहे, आणि जुनाट आजारांसाठी थांबण्याची अट नाही.

गोळ्या नेताना मात्र एक खबरदारी हवी. ट्रॅमाडॉल, कोडीन असलेली काही वेदनाशामकं आणि खोकल्याची औषधं आपल्याकडे सर्रास लिहून दिली जातात. संयुक्त अरब अमिरातीत ती नियंत्रित औषधं आहेत. त्यांच्यासाठी आधी परवानगी काढावी लागते, चिठ्ठी सोबत ठेवावी लागते.

आखाती विम्याचं खरं दुखणं वेगळंच आहे : तो नोकरीला बांधलेला असतो. नोकरी सुटली, व्हिसा रद्द झाला, की विमाही संपतो. वीस वर्षं तिथे विम्यात असलेला माणूस साठाव्या वर्षी गावी परततो तेव्हा त्याच्याकडे हृदयविकार असतो आणि पॉलिसी नसते. भारत सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना २००३ पासून आहे. ज्यांच्या पासपोर्टावर परदेशी कामासाठी सरकारी मंजुरीची अट असते, त्या कामगारांना ती सक्तीची आहे. दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपये इतक्या कमी हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख रुपये मिळतात. कामगाराच्या घरच्यांना तिचा मोठा आधार आहे, तरी शुगर-बीपीचा रोजचा खर्च उचलणारी ही योजना नव्हे.

अमेरिका हा या विषयातला सगळ्यात गुंतागुंतीचा देश. तिथे आधीच्या आजारावरून माणसाला विमा नाकारणं ही एके काळी रोजची गोष्ट होती. मार्च २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी सही केलेल्या कायद्याने ते चित्र बदललं. १ जानेवारी २०१४ पासून मुख्य आरोग्य विमा देणाऱ्या कंपन्यांना आजारावरून नकार देता येत नाही, जादा हप्ताही लावता येत नाही. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेला माणूस कंपनीच्या गटविम्यात येतो, आणि त्याच्या बायको-मुलांचे जुने आजारही त्यात सामावतात. स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम मोठी असते, ते दुःख वेगळं. पण दार बंद नसतं.

नोकरी गेली तर? व्हिसाची मुदत ६० दिवसांवर येते, आणि घरात किमोथेरपी किंवा डायलिसिस चालू असलं, तर विम्याची काळजी व्हिसाहून मोठी होते. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीचा गटविमा ‘कोब्रा’ या कायद्याखाली सामान्यतः १८ महिने पुढे चालवता येतो. त्यासाठी मालकाच्या वाट्यासह पूर्ण हप्ता आणि वर दोन टक्के भरावे लागतात. तो घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस मिळतात, आणि घेतला तर तो मागच्या तारखेपासून लागू होतो. या दोन महिन्यांत काहीच झालं नाही तर पैसे वाचले, आणि काही झालंच तर पैसे भरून विमा जिवंत करता येतो.

हे सगळं कायदेशीर कवच आईवडिलांच्या वाट्याला येत नाही. बी-टू व्हिसावर सहा महिने राहायला आलेल्या आजी-आजोबांसाठी ‘व्हिजिटर इन्शुरन्स’ घेतला जातो. २०१० च्या कायद्याचे नियम त्याला लागू नाहीत. म्हणून हा विमा आधीचे आजार वगळू शकतो, आणि वगळतोच. या पॉलिसींचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकीत प्रत्येक उपचारामागे ठरलेली रक्कम मिळते : डॉक्टरच्या भेटीला इतकी, एक्स-रेला इतकी, इस्पितळाच्या एका दिवसाला इतकी. हप्ता कमी, म्हणून ही जास्त खपते. अमेरिकन इस्पितळाचं बिल त्या ठरलेल्या रकमेच्या कितीतरी पट असतं, आणि उरलेलं सगळं मुलाच्या माथी येतं. दुसरीत वजावटीनंतरचा खर्च पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत टक्केवारीत दिला जातो. ती महाग असते, पण घ्यायची तर हीच.

या दुसऱ्या प्रकारातल्या बऱ्याच पॉलिसी जाहिरात करतात, की आधीच्या आजाराचा ‘अक्यूट ऑनसेट’, म्हणजे अचानक उसळणारा झटका, त्यांच्यात समाविष्ट आहे. हे दोन शब्द वाचून मुलं निश्चिंत होतात. त्यांची व्याख्या मात्र पॉलिसीच्या आतल्या पानांत असते, आणि ती फार अरुंद आहे. झटका अचानक आणि पूर्वसूचनेशिवाय आलेला हवा. तो वेगाने बळावणारा आणि तातडीचे उपचार लागणारा हवा. उपचार ठरलेल्या मुदतीत, बहुधा २४ तासांच्या आत, सुरू झालेले हवेत. हळूहळू चिघळत गेलेला आजार त्यात बसत नाही.

व्यवहारात याचा अर्थ काय? बीपीच्या रुग्णाला रात्री एकाएकी पक्षाघाताचा झटका आला आणि लगेच इस्पितळात नेलं, तर पैसे मिळण्याची शक्यता आहे. तोच माणूस दोन दिवस ‘छातीत जरा जड वाटतंय, पण मुलाचं ऑफिस आहे, उगाच कशाला त्रास’ म्हणत गप्प बसला, आणि तिसऱ्या दिवशी दाखल झाला, तर कंपनी म्हणू शकते, की लक्षणं दोन दिवस होती, मग हे अचानक कसं? मुलांना त्रास नको म्हणून दुखणं अंगावर काढायची आपल्या वडीलधाऱ्यांची सवय तिथे फार महागात पडू शकते. मधुमेह्याच्या पायाची चिघळलेली जखम, मूत्रपिंडाचा हळूहळू वाढलेला विकार, बीपीची तपासणी, संपलेल्या गोळ्या हे काहीही यात येत नाही. शिवाय वयाची अट असते : सत्तरीनंतर ही सोय पुष्कळ पॉलिसींत आटते, आणि एका वयानंतर संपते.

जीव वाचवण्याचे प्राथमिक उपचार अमेरिकन इस्पितळ नाकारू शकत नाही, १९८६ पासून तसा कायदाच आहे. पण तो उपचारांचा हक्क देतो, बिल माफ करत नाही. ग्रीन कार्डावर कायमचं राहायला आलेल्या आईवडिलांची गोष्ट वेगळी. त्यांना सर्वसाधारण विमा बाजारातून, आजाराची चौकशी न होता, पॉलिसी घेता येते.

भारतातून घेतलेल्या प्रवासी पॉलिसीचं काय होतं, हे दाखवणारा एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००९ साली एक गृहस्थ नात्यातल्या लग्नासाठी अमेरिकेला निघाले. त्यांनी ओव्हरसीज मेडिक्लेम पॉलिसी घेतली, त्यासाठी वैद्यकीय तपासणी करून घेतली, आणि आपल्याला मधुमेह असल्याचं लिहून दिलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच त्यांना घाम फुटला, अशक्तपणा आला. हृदयविकाराचा झटका होता. अँजिओप्लास्टी झाली, तीन स्टेंट बसले. विमा कंपनीने दावा फेटाळला. तुम्ही कोलेस्टेरॉलची गोळी घेत होता आणि ते सांगितलं नाही, असं तिचं म्हणणं होतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगातही ते हरले.

६ डिसेंबर २०२१ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने तो निर्णय फिरवला. विमेदाराने आपला आजार सांगितला, कंपनीने त्याची प्रकृती तपासून धोका जोखला आणि पॉलिसी दिली. यानंतर त्याच आजाराकडे बोट दाखवून दावा नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. झटक्यापासून निकालापर्यंत बारा वर्षं गेली होती. पण निकाल बाजूने लागला त्यात मधुमेह आधीच लिहून दिलेला होता, या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

याची दुसरी बाजू सर्वोच्च न्यायालयाच्याच २००९ च्या एका निकालात दिसते. तिथे विमेदाराने जुना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार मेडिक्लेम घेताना सांगितला नव्हता. तो गेल्यावर घरच्यांनी केलेला दावा कंपनीने नाकारला, आणि न्यायालयाने कंपनीचं म्हणणं मान्य केलं. माणूसही गेला आणि पैसेही. ‘ती काय लिहायची’ या सल्ल्याची किंमत अशी असते, आणि ती सल्ला देणाऱ्याला भरावी लागत नाही.

कॅनडात ‘सुपर व्हिसा’वर मुलांकडे जाणारे मराठी आईवडील वाढत आहेत. जुलै २०२२ पासून या व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. विम्याची अट अशी, की निदान एक वर्षाचा आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा हवा. तिथल्या कंपन्या आधीच्या आजारालाही संरक्षण देतात, पण तो ‘स्थिर’ असला तरच. स्थिर म्हणजे पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ठरलेल्या काळात, साधारणपणे ९० किंवा १८० दिवसांत, नवं लक्षण नाही, नवी तपासणी बाकी नाही, औषधात बदल नाही. हा बदल कोणत्याही दिशेचा असू शकतो. प्रकृती सुधारली म्हणून डॉक्टरांनी बीपीची गोळी निम्मी केली, तरी अनेक पॉलिसींच्या लेखी आजार अस्थिर ठरतो. म्हणून प्रवासाच्या आधी सहा महिने डॉक्टरांना तारीख सांगून ठेवावी. औषध बदलणं गरजेचं असेल तर ते बदलायलाच हवं, मात्र तसं झाल्यावर विम्याची किंवा जाण्याची तारीख पुढे ढकलावी.

देशोदेशी फिरतीवर असणाऱ्या बड्या नोकरदारांसाठी आंतरराष्ट्रीय आरोग्य विमा असतो. बूपा, सिग्ना, अलियान्झ ही त्यातली मोठी नावं. इथे दोन पद्धती भेटतात. एकीत पूर्ण प्रकृती तपासून काय घ्यायचं, काय वगळायचं ते आधीच ठरवतात. दुसरीत सुरुवातीला काहीच विचारत नाहीत. त्याऐवजी, गेल्या काही वर्षांतला आजार पुढे सलग दोन वर्षं लक्षण, औषध आणि सल्ला यांच्याशिवाय गेला, तर तो आपोआप विम्यात येतो. जुनी पाठदुखी असलेल्याला हे सोयीचं. मधुमेह्याला याचा उपयोग नाही, कारण त्याची गोळी दोन वर्षं काय, दोन दिवसही बंद राहत नाही. फॉर्म सोपा म्हणून ही पद्धत निवडणारा मधुमेही जन्मभर हप्ते भरून नेमक्या गरजेच्या वेळी उघडा पडतो. मोठ्या कंपन्यांच्या गटविम्यात मात्र आजाराचा इतिहास विचारातच न घेण्याची सोय बरेचदा असते. नोकरीचा करार होतानाच ती मागून घ्यावी.

ऑस्ट्रेलियात तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्या बऱ्याच जणांना परदेशी पाहुण्यांचा विमा घ्यावा लागतो आणि आधीच्या आजारांना बारा महिने थांबावं लागतं. तिथे खुद्द व्हिसाच अडू शकतो. उपचारांचा अंदाजे खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे जाणार असेल, तर अर्ज नाकारता येतो. १ जुलै २०२४ पासून ही मर्यादा ८६,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे.

एवढं जग फिरून झाल्यावर इथल्या पॉलिसीकडे पाहायला हवं. परदेशी जाताना लोक गॅस, फोन, वर्तमानपत्र बंद करतात, आणि त्याच सपाट्यात मेडिक्लेमही. ‘तिथे कंपनीचा विमा आहे, इथला कशाला भरायचा?’ हा विचार पुढे फार अंगाशी येतो. भारतीय विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे आधीच्या आजारासाठी थांबायला लावण्याची कमाल मुदत ३६ महिने आहे, पूर्वी ती ४८ होती. सलग ६० महिने पॉलिसी चालली, की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती. हे महिने माणूस परदेशात असतानाही मोजले जातात, फक्त पॉलिसी खंड न पडता चालू हवी. निघताना पस्तिशीत असलेला माणूस पंचेचाळिशीत शुगर घेऊन परतला, तरी त्या पॉलिसीत त्याचं स्थान पक्कं असतं. बंद केलेली पॉलिसी त्या वयात आणि त्या आजारासह नव्याने घ्यायची, तर पुन्हा पहिल्या महिन्यापासून मोजणी सुरू होते. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे, त्यामुळे ती चालू ठेवणं थोडं हलकं झालं आहे.

ज्यांना एकट्याने हे जमत नाही, त्यांच्यासाठी केरळने वाट काढली आहे. परदेशस्थ केरळीयांचा स्वतंत्र सरकारी विभाग तिथे १९९६ पासून आहे. त्याच्यामार्फत नोव्हेंबर २०२५ पासून ‘नॉर्का केअर’ ही गटविमा योजना लागू झाली : ५ लाख रुपयांचा आरोग्य विमा, १० लाखांचा अपघात विमा, आणि आधीचे आजार पहिल्या दिवसापासून समाविष्ट. गटाचा आकार मोठा ठेवला, की आजारी माणसाला वेगळं काढायची गरज उरत नाही, हेच तत्त्व जर्मनीने १८८३ मध्ये वापरलं होतं. रत्नागिरी-रायगडचा खलाशी, सांगली-कोल्हापूरकडची परिचारिका, पुण्याचा अभियंता यांना एका गटात आणणं महाराष्ट्र सरकारला अशक्य नाही. जिल्ह्याजिल्ह्यातून परदेशी गेलेल्यांची नोंद करण्यापासून त्याची सुरुवात होऊ शकते, आणि देशोदेशीच्या महाराष्ट्र मंडळांकडे तशी माणसं जोडण्याचा अनेक दशकांचा अनुभव आहे.